मोठे गोटे कोणत्या हवेचे?

डोंगरउतारावरची माती पावसाने भिजून जड होते, तिच्यातले लहानमोठे दगड मोकळे होतात आणि एका क्षणी दगड, माती व पाणी यांचा एकजीव लगदा खाली धावू लागतो. वाटेत येईल ते ओढून नेतो. उतार संपला की थबकतो आणि तिथेच साचतो. याला आपण या लेखापुरते ‘दगडमातीचा लोंढा’ म्हणू. नदीच्या पुरापेक्षा तो वेगळा असतो. पुराचे पाणी दगडधोंडे, वाळू आणि गाळ निवडून वेगवेगळ्या ठिकाणी टाकते. लोंढा निवड करीत नाही. घराएवढा गोटा आणि चिमूटभर माती दोन्ही एकाच ढिगात टाकून तो मोकळा होतो.

असे ढीग हजारो, कधी कोट्यवधी वर्षे टिकून राहतात. त्यांच्याकडे पाहून त्या काळचे हवामान ओळखता येईल का, हा भूविज्ञानातला जुना प्रश्न आहे. आज त्याला नवी धार आली आहे, कारण माळीण, तळिये, इर्शाळवाडी यांच्यानंतर ‘हे हवामानबदलामुळे झाले का?’ हा प्रश्न प्रत्येक वर्गात विचारला जातो. आम्ही लिहितो ते गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्याहून. आजूबाजूला धानाच्या बांध्या, बोड्या आणि तलाव. दरड पाहायची तर आमच्या विद्यार्थ्यांना दूर जावे लागेल. तरी प्रश्न इथेही येतो, आणि तो वर्तमानपत्राच्या मथळ्यातून येत असल्यामुळे उत्तरही मथळ्याएवढेच अपेक्षित असते. म्हणून या विषयावरचे एक गाजलेले संशोधन आम्ही परीक्षणासाठी घेतले आहे. ते काय सिद्ध करते, काय करत नाही आणि आपल्या मातीत त्याचा उपयोग किती, हे पाहू या.

कॅलिफोर्नियातले पस्तीस पृष्ठभाग

हे संशोधन मिच डार्सी, ड्यूना रोडा-बोलुडा आणि अलेक्झांडर व्हिटेकर यांचे. ते २०१७ साली ‘क्वाटर्नरी सायन्स रिव्ह्यूज’ या नियतकालिकात आले. जागा आहे अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातले ओवेन्स खोरे. सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पायथ्याशी तिथे दगडमातीचे पंखे पसरले आहेत. घळीतून बाहेर पडणारा लोंढा मोकळ्या जागेत हाताच्या पंजासारखा पसरतो, एकावर एक असे अनेक लोंढे साचतात आणि त्यांचा पंखा तयार होतो. अभ्यासकांनी अशा पंख्यांवरचे ३५ पृष्ठभाग निवडले. त्यांची वये मिळून गेल्या सुमारे १,२५,००० वर्षांचा काळ व्यापतात. म्हणजे शेवटचे हिमयुग, त्याच्या आधीचा उबदार काळ आणि त्याच्या नंतरचा आजचा उबदार काळ, हे सगळे त्यात आले.

वय कसे ठरवले हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. उघड्यावर पडलेल्या गोट्यातल्या भेगा ऊन-थंडी-पावसाने हळूहळू रुंदावतात. ज्या पृष्ठभागांचे वय दुसऱ्या मार्गाने माहीत आहे, तिथल्या भेगा मोजून रुंदावण्याचा वेग काढायचा आणि मग तोच वेग घेऊन इतर पृष्ठभागांचे वय सांगायचे. ही पद्धत याच गटाने २०१५ साली मांडली होती. मोजपट्टी घेऊन दगडाचे वय काढता येते, ही कल्पनाच वर्गाला जागे करणारी आहे.

मग त्यांनी प्रत्येक पृष्ठभागावरच्या दगडांचे आकारमान मोजले. निष्कर्ष असा निघाला की थंड हिमयुगाच्या काळात लोंढ्यांनी तुलनेने बारीक दगड आणले, आणि हवा उबदार व कोरडी होत गेली तसतसे दगड मोठे होत गेले. तापमान आणि दगडांचा आकार यांचा आलेख साध्या सरळ रेषेत न जाता चढत्या वक्राने जातो. हवेत वाफ किती मावते याचा तापमानाशी असलेला संबंधही असाच आहे. तापमान एक अंशाने वाढले की हवेत सुमारे ७ टक्के अधिक वाफ मावते. यावरून अभ्यासकांचे म्हणणे असे की दगडांचा आकार एकूण पावसाची नोंद ठेवत नाही, तर वादळी सरींच्या जोराची ठेवतो. वर्षाचा पाऊस कमी झाला, तरी एखादी सर अधिक जोराची येऊ शकते आणि तीच मोठे गोटे हलवते.

बळ कुठे आहे, आणि सांधा कुठे कच्चा

या संशोधनाचे बळ त्याच्या शिस्तीत आहे. एकच पर्वत, साधारण एकाच जातीचा ग्रॅनाइट खडक, मोजण्याची एकच रीत आणि वयांचा मोठा पल्ला. बदलणाऱ्या गोष्टी कमीत कमी ठेवल्या की उरलेल्या एका गोष्टीचा परिणाम दिसतो, हे आपण प्रयोगशाळेत शिकवतो. इथे ते डोंगरावर केलेले आहे. शिवाय ‘वर दगडांचा पुरवठाच बदलला असेल’ ही सर्वांत मोठी शंका त्यांनी स्वतःच उपस्थित करून तपासली आणि बाजूला केली. आपल्या निष्कर्षाविरुद्ध स्वतः वकिली करणे हे चांगल्या संशोधनाचे लक्षण आहे.

आता हरकती. पहिली अशी की जुन्या सरींचा जोर कोणी मोजलेला नाही. मोजला आहे तो दगड. तापमान अन्य पुराव्यांतून आले आहे, आणि सरींचा जोर या दोहोंच्या मधला दुवा म्हणून अनुमानाने आला आहे. अनुमान पटण्यासारखे आहे, पण ते अनुमान आहे. दुसरी हरकत अशी की पंख्यावर आज दिसतो तो शिल्लक राहिलेला भाग. नवे लोंढे जुने ढीग गाडतात किंवा खोदून नेतात. त्यामुळे नोंदवहीची काही पाने कायमची फाटलेली आहेत.

तिसरी हरकत संशोधकांवर नाही, ते वाचणाऱ्यांवर आहे. ‘उष्ण हवा म्हणजे मोठे गोटे’ असा नियम करून तो जगभर लावायचा मोह होतो. ओवेन्स खोरे कोरडे आहे, उतारांवर झाडोरा विरळ आहे, आणि तिथे थोड्या वेळाच्या जोरदार सरीचे पाणी उघड्या उतारावरून धावत दगड उचलते. जिथे लोंढा सुटण्याची रीतच वेगळी, तिथे हा नियम कसा चालेल? याचे उत्तर शोधायला आपल्याला विदर्भातच एक चांगला साक्षीदार आहे, आणि तो नेमका उलट बोलतो.

इरईचे ओरखडे

१८५६ साली विल्यम ब्लॅनफर्ड, हेन्री ब्लॅनफर्ड आणि विल्यम थिओबाल्ड यांनी ओडिशातल्या तालचेर कोळसाक्षेत्राचा अहवाल लिहिला. कोळशाच्या थरांखाली त्यांना एक विचित्र थर मिळाला. बारीक गाळात मोठमोठे गोटे रुतलेले. बारीक गाळ शांत पाण्यात साचतो, आणि मोठे गोटे हलवायला जोरदार प्रवाह लागतो. दोन्ही एकत्र कसे? हे काम बर्फाचे असावे, असे त्यांनी सुचवले. उष्ण कटिबंधातल्या हिंदुस्थानात बर्फ, हे त्या काळी धाडसाचे विधान होते.

अनुमानाला पुराव्याची जोड मिळाली ती चंद्रपूरजवळ. पैनगंगेकाठी इरई येथे फ्रान्सिस फेडन यांना या थराखालचा पैनगंगा चुनखडक गुळगुळीत घासलेला आणि त्यावर समांतर ओरखडे उमटलेला आढळला. हे निरीक्षण १८७५ साली प्रसिद्ध झाले. हिमनदी आपल्या तळाशी दगड धरून पुढे सरकते, आणि तळाच्या खडकावर रंधा मारल्यासारखे चरे पाडते. तसे ते चरे होते. हा थर सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. अशाच थरांच्या जुळणीचा उपयोग पुढे आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडवहनाच्या मांडणीत केला.

आता ओवेन्स आणि इरई शेजारी ठेवा. तिथे मोठा दगड म्हणजे उबदार हवा. इथे मोठा गोटा म्हणजे बर्फ. दोन्ही वाचने आपापल्या जागी भक्कम आहेत, मग गोट्याच्या आकाराचा अर्थ नेमका काय? आमचे उत्तर असे: नुसत्या आकाराला अर्थ नाही. इरईचे गोटे बर्फाचे ठरले ते मोठे होते म्हणून ठरले नाहीत, तर खालच्या खडकावर ओरखडे मिळाले म्हणून. ओवेन्सचे दगड उबदार हवेचे ठरले ते एकाच डोंगरावर वयांच्या क्रमाने मोजले म्हणून.

इरईतून आणखी एक धडा मिळतो. आज चंद्रपूर उत्तरेकडे सुमारे वीस अक्षांशावर आहे. तिथे कधी काळी बर्फ होता यावरून ‘तेव्हा सारी पृथ्वी गोठली होती’ असे कोणी म्हणेल, तर ते चूक ठरेल. त्या काळी आपला भूभाग गोंडवन या महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. म्हणजे एका ठिकाणचे हवामान बदलले याचे कारण दर वेळी हवाच असते असे नाही. कधी जमीनच दुसऱ्या हवेत जाते. अर्थात त्यासाठी कोट्यवधी वर्षे लागतात. पन्नास-शंभर वर्षांतला बदल या मार्गाने समजावता येत नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

एक उपयोगी कुरकुर

गोटे रुतलेला थर दिसला की ‘हिमयुग’ म्हणण्याची सवय भूविज्ञानात एकेकाळी इतकी वाढली की तिच्याविरुद्ध आवाज उठला. १९५७ साली जॉन क्रॉवेल यांनी दाखवले की गोटे रुतलेला चिखलखडक समुद्रतळाच्या उतारावरून घसरलेल्या लोंढ्यातूनही तयार होतो. १९७४ साली शेरमरहॉर्न यांनी कँब्रियनपूर्व काळाच्या अखेरच्या अशा थरांची जगभरची यादी तपासली. त्यांतले बहुतेक थर हिमनद्यांचे नसून, उंचावणाऱ्या पर्वतांच्या उतारांवरून आलेल्या लोंढ्यांचे आहेत, असे प्रतिपादन त्यांनी केले.

त्यांचा निष्कर्ष सगळा टिकला नाही. त्यांतल्या अनेक थरांचे हिमानी मूळ पुढे मान्य झाले. पण त्यांची हरकत टिकली, आणि आमच्या मते तीच अधिक मोलाची. त्यांच्यानंतर नुसता गोटेथर दाखवून कोणाला सुटता येईना. दगडांवर चरे आहेत का, त्यांचे पैलू घासून सपाट झाले आहेत का, खाली घासलेला खडक आहे का, तरंगत्या बर्फातून सुटून शांत गाळात पडलेले एकटे गोटे आहेत का, असे प्रश्न विचारावे लागले. तालचेर थरांनाही हे प्रश्न लागू झाले. त्यांतला काही भाग बर्फाने थेट टाकलेला, तर काही भाग आधी बर्फाने आणलेला आणि मग उतारावरून पुन्हा घसरून साचलेला, असे वाचन आज केले जाते. म्हणजे ‘बर्फ की लोंढा’ हा प्रश्नच कधीकधी चुकीचा असतो. दोन्ही असू शकतात, एकामागून एक.

सह्याद्रीत काय लागू, काय नाही

आता आजकडे येऊ. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले आणि सुमारे १५० माणसे दगावली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावी ८० हून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. ३० जुलै २०२४ रोजी पश्चिम घाटाच्याच दक्षिण भागात, केरळातल्या वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला येथे लोंढा आला आणि दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

इथे ओवेन्सचा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही. सह्याद्री बेसॉल्टचा आहे. त्याच्यावर झिजून तयार झालेल्या मातीचे जाड पांघरूण आहे, आणि मोसमी पाऊस दिवसचे दिवस ते भिजवत राहतो. माती पाण्याने पुरी भरली की तिची पकड सुटते, आणि मग एका जोरदार दिवसाचे निमित्त पुरते. दगडाचा आकार इथे सरीच्या जोरापेक्षा बेसॉल्टच्या सांध्यांवर आणि त्याच्या झिजण्यावर अधिक ठरतो.

पण ओवेन्समधली एक गोष्ट इथेही कामाची आहे: एकूण पाऊस आणि पावसाचा जोर या दोन वेगळ्या राशी आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात एकूण मोसमी पाऊस घटला, आणि त्याच वेळी मोठ्या प्रदेशावर एकाच दिवशी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. रोवणीच्या दिवसांत आकाशाकडे डोळे लावून बसायचे आणि मग एका रात्रीत बोडी फुटायची, हे ज्याने पाहिले त्याला हा आलेख समजावून सांगावा लागणार नाही.

वायनाडच्या घटनेनंतर ‘वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन’ या अभ्यासगटाने हिशेब मांडला की त्या दिवशीचा पाऊस माणसाने घडवलेल्या तापमानवाढीमुळे सुमारे १० टक्क्यांनी अधिक जोराचा झाला. लहान आणि डोंगराळ प्रदेशासाठी प्रतिमानांतली अनिश्चितता मोठी आहे, हेही त्यांनी नमूद केले. ही वाक्ये जोडीनेच वाचावीत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पाऊस १० टक्क्यांनी वाढला म्हणजे दरडी १० टक्क्यांनी वाढतात असे नाही. उताराला एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे शंभर मिलिमीटर पाऊस वाढला तरी काही होत नाही, आणि उंबरठ्यापाशी दहा मिलिमीटर पुरतात.

शिवाय पाऊस हा एकटाच आरोपी नाही. माळीणनंतर उतारावर यंत्रे लावून केलेल्या जमीन-सपाटीकरणाची चर्चा झाली. वायनाडमध्ये जंगलतोड आणि खाणींची झाली. मुंडक्कईला १९८४ मध्येही लोंढा आला होता आणि जवळच्या पुदुमला येथे २०१९ मध्ये आला होता. म्हणजे डोंगराने आधी सही करून ठेवली होती. जुन्या लोंढ्याच्या ढिगाचा सर्वांत रोकडा उपयोग हाच आहे. त्याच्यावरून हवामान ओळखता येवो न येवो, ‘इथे आला होता, पुन्हा येऊ शकतो’ एवढे तो नक्की सांगतो. डोंगराच्या कुशीतली पंख्यासारखी सौम्य, मातीची, पाण्याजवळची जागा घर बांधायला चांगली दिसते. ती जागा अनेकदा एखाद्या जुन्या लोंढ्यानेच तयार केलेली असते.

वर्गात उत्तर कसे द्यावे

‘हवामानबदलामुळे झाले का?’ याला ‘हो’ म्हणणे सोपे आहे, पण त्याने उतार कापणारे आणि धोक्याच्या जागी वस्ती राहू देणारे सगळे सुटतात. जणू दोष आभाळाचा. ‘नाही, पूर्वीही दरडी येत होत्या’ म्हणणे तितकेच सोपे, पण त्याने मोजून सिद्ध झालेली पावसाच्या जोरातली वाढ नाकारली जाते. आम्ही सुचवतो की विद्यार्थ्यांसमोर एक प्रश्न फोडून तीन करावेत. उतार कमकुवत कशाने झाला? लोंढा त्या दिवशी कशाने सुटला? आणि माणसे त्याच्या वाटेत कशी आली? पहिल्याचे उत्तर खडक, माती आणि जमिनीचा वापर यांत आहे. दुसऱ्याचे बहुतेक वेळा पावसात आहे, आणि बदलत्या हवामानाचा हात मुख्यतः इथे शोधावा. तिसऱ्याचे उत्तर समाजात आहे, आणि त्यावर इलाज आपल्या हाती सर्वांत जास्त आहे.

सपाट मुलखातल्या शाळेतही याची ओळख हाताने करून देता येते. रुंद तोंडाच्या दोन काचेच्या बरण्या घ्या. एकीत पाणी, मूठभर वाळू, बारीक मुरूम आणि थोडी माती टाकून हलवा व ठेवून द्या. खडे तळाशी, मग वाळू, वर गाळ असा क्रम लागतो. दुसरीत बोडीतल्या चिकण गाळाचा पिठल्यासारखा घट्ट लगदा करून त्यात तेच खडे कालवा. खडे आहेत तिथेच अडकून राहतात. पहिली बरणी नदीची, दुसरी लोंढ्याची. मग मुलांना विचारा: दुसऱ्या बरणीकडे पाहून तुम्हांला त्या दिवशीचे तापमान सांगता येईल का? ती हसतील. त्यांच्या त्या हसण्यातच क्रॉवेल आणि शेरमरहॉर्न यांची हरकत आहे.

पावसाळा संपल्यावर सालेकसा तालुक्यातल्या दरेकसाच्या डोंगरांकडे सहल काढता आली तर अधिक चांगले. नाल्याच्या पात्रात दगड निवडून लावलेले दिसतात की सगळे एकत्र कालवलेले, हे मुलांनी वहीत काढावे. गोट्यांची लांबी मोजावी, ते कोणत्या खडकाचे आहेत आणि तो खडक वर कुठे आहे, हे शोधावे. हवामानाबद्दलचे वाक्य मात्र सर्वांत शेवटी लिहावे, आणि त्याखाली ते कोणत्या पुराव्यावर उभे आहे हे नोंदवावे. पुरावा सापडला नाही तर ती जागा कोरी ठेवावी. कोरी जागा ठेवणाऱ्या मुलाला आम्ही पूर्ण गुण देऊ.